जनावराच्या मनाची तहकीकात

2025 च्या जुलैअखेर न्यायालयाच्या हुकुमान्वये नांदणीच्या जैन मठातील माधुरी हत्तीण जामनगरच्या वनतारा केंद्राकडे रवाना झाली, तेव्हा निरोपास लोटलेल्या जनसमुदायाने आणि पुढे ती चित्रफीत घरबसल्या पाहणाऱ्यांनी तिच्या डोळ्यांखालची ओल पाहिली, आणि मुके जनावर रडते आहे, हा निकाल जागच्या जागी लागला. सांगलीच्या विश्रामबागेतून निघून अंकलीचा पूल ओलांडला की नांदणी फारशी दूर नाही. तेव्हा हा निकाल आमच्याकडे घरोघर कायम झाला, यात नवल नाही. तिच्या पाठवणीचा आग्रह धरणाऱ्यांनी, उलटपक्षी, तिच्या सतत हलणाऱ्या मस्तकाकडे बोट दाखविले. त्या वादाचा निवाडा करण्याचा येथे हेतू नाही. परंतु जनावराचे सुखदुःख कोणत्या पुराव्यावर ठरवावे, याविषयी दोन्हीकडे जे गृहीत धरले गेले, ते तपासण्याजोगे आहे.

प्रथम अश्रू. हत्तीला आपल्यासारखी अश्रुग्रंथी नसते, आणि डोळ्यातील पाणी नाकात उतरविणारी नलिकाही नसते. त्याचा डोळा ओलसर राहतो तो अन्य ग्रंथींच्या, विशेषतः हार्डेरियन नामक ग्रंथीच्या स्रावामुळे, आणि त्या स्रावाला आत जाण्यास वाट नसल्याने तो गालावरून ओघळतो, मग प्रसंग वियोगाचा असो की पुढ्यात टाकलेल्या उसाचा. यावरून हत्तिणीला दुःख झाले नाही असे कोणी म्हणू लागेल, तर तेही चूकच. दुःख झाले असेल, पण ही ओल त्याचा दाखला नव्हे.

मस्तक डोलावण्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. भाविकाला त्यात आशीर्वाद दिसतो, मुलांना नाच दिसतो. वस्तुतः साखळदंडाने एका जागी जखडलेल्या हत्तींत आढळणारी ती एक निर्हेतुक, साचेबंद पुनरावृत्ती असते. इथपर्यंत प्राणिमित्रांचे म्हणणे बरोबर आहे. तथापि असे वर्तन एकदा अंगवळणी पडले की परिस्थिती सुधारल्यावरही ते टिकून राहू शकते, म्हणजे ते आजच्या मनःस्थितीचे नसून पूर्वीच्या हालांचे चिन्ह असू शकते. जॉर्जिया मेसन आणि नाओमी लॅथम या संशोधकांनी 2004 मध्ये उपलब्ध अभ्यासांची छाननी केली, तेव्हा तर असे दिसले की सारख्याच वाईट जागेत कोंडलेल्या प्राण्यांपैकी डोलणारे प्राणी पुष्कळदा न डोलणाऱ्यांपेक्षा बरे असतात. कोपऱ्यात निश्चल उभे असलेले जनावर शहाणे आणि समाधानी आहे असे आपण समजतो. त्याचीच चौकशी आधी व्हायला हवी.

रक्तातील वा शेणातील कॉर्टिसोल मोजले की मन उघडे पडते, असा सुशिक्षितांचा एक समज आहे. हे द्रव्य भयाने वाढते, पण धावण्याने आणि समागमानेही वाढते; ते क्षोभ किती हे सांगते, तो गोड की कडू हे सांगत नाही. डोळ्यांचेही तेच. खरसुंडीच्या यात्रेत खिल्लार खोंड बिथरला की त्याच्या डोळ्याचा पांढरा भाग जास्त दिसू लागतो, हे आटपाडीकडच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. नॉर्वेतील संशोधकांनी 2002 मध्ये ज्यांना वैरण दिसत असूनही खाता येत नव्हती अशा गाईंमध्ये हाच भाग मोजला आणि तो वाढलेला आढळला. मात्र पुढच्या निरीक्षणांत आवडता खुराक समोर आला असतानाही तो वाढलेला दिसला.

विश्रामबागेतील बंगल्यांत पाळलेल्या कुत्र्यांच्या मालकांना एक गोष्ट रुचणार नाही. कान पाडून, नजर चुकवून उभा राहिलेला कुत्रा अपराध कबूल करीत असतो, असे ते मानतात. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये प्रयोगाने दाखविले की हा चेहरा खाऊ चोरण्यावर नव्हे, तर मालकाच्या रागावण्यावर अवलंबून असतो. ज्यांनी चोरी केलीच नव्हती त्यांनी बोलणी खाल्ल्यावर तो अधिकच केला.

इतके ऐकल्यावर, जनावराला काय कळतंय, म्हणून विषय मिटविणारे लोक खूष होतील. पण त्यांचाही समज टिकणारा नाही. माणूस आणि इतर प्राणी यांच्या भावाभिव्यक्तीची सलग चर्चा डार्विनने 1872 मध्येच ग्रंथरूपाने केली होती. अडचण होती ती पद्धतीची, आणि तिला एक मार्ग ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी 2004 मध्ये उंदरांवरील प्रयोगाने दाखविला. प्राण्याला संदिग्ध प्रश्न घालावा, आणि तो त्याचा अर्थ चांगला लावतो की वाईट हे पाहावे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात हीच युक्ती वासरांवर केली गेली. पडद्यावर एक रंग दिसला असता तेथे जावे म्हणजे दूध, दुसरा दिसला असता गेल्यास शिक्षा, हे लाल आणि पांढऱ्या रंगांनी त्यांना शिकविल्यावर मधल्या गुलाबी छटा दाखविण्यात आल्या. शिंगांचे कोंब तापल्या लोखंडाने डागल्यानंतर तीच वासरे त्या अनिश्चित छटेकडे पूर्वीइतक्या उत्साहाने जाईनात. आईपासून तोडल्यावरही तसेच घडले. येथे चेहरा वाचला नाही, आसू मोजले नाहीत. वासराने स्वतः निवड केली आणि तिच्यातून त्याची निराशा उमटली.

दुसरा मार्ग किंमत विचारण्याचा. त्याच विद्यापीठात गाईंपुढे वजन लावलेले फाटक ठेवले. पलीकडे अंग घासून घेण्याचा फिरता यांत्रिक खरारा होता. ताज्या वैरणीसाठी गाई जितका जोर लावीत, जवळजवळ तितकाच त्यांनी या खराऱ्यासाठी लावला. गोठ्यात खरारा हाती घेताच मान पुढे करणारी गाय ज्यांच्या घरी आहे, त्यांना या निष्कर्षाचा अचंबा वाटणार नाही.

हत्तिणीकडे याच रीतीने पाहायचे तर शेणाचे नमुने स्थलांतराच्या आधीचे व नंतरचे, एकाच ऋतूत घेतलेले लागतील, कारण बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांना रानटी हत्तींत कोरड्या ऋतूत, शरीर खंगलेले असताना, कॉर्टिसोल वाढलेले आढळले आहे. रात्री ती किती वेळ आडवी होऊन झोपते हे नोंदवावे लागेल, कारण सांध्यांच्या दुखण्यात हत्ती आडवा होण्याचे टाळतो. आणि ओळखीचा माहूत एका बाजूस, दुसरी हत्तीण दुसऱ्या बाजूस, अशी मोकळीक देऊन, एका दिवसाच्या नव्हे तर अनेक आठवड्यांच्या नोंदींवरून, ती कोणाकडे जाते आणि किती वेळ थांबते, हे पाहावे लागेल.