संचालक बदलला की शाळा बदलते

नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, सुरेखा सिक्री, रोहिणी हट्टंगडी, पंकज कपूर, इरफान खान, नवाजुद्दीन सिद्दिकी. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एनएसडीचं, नाव निघालं की ही यादी येतेच. यादी खरी आहे. पण ती ऐकून कोणाला वाटावं की हिंदी सिनेमाला चांगले नट पुरवण्यासाठीच सरकारनं ही शाळा काढली. याच शाळेतून बाहेर पडलेले रतन थिय्यम इम्फाळला परतले आणि 1976 मध्ये त्यांनी तिथे ‘कोरस रेपर्टरी थिएटर’ उभं केलं. बंसी कौल भोपाळला गेले, प्रसन्ना आणि बी. जयश्री कर्नाटकात परतले. कमलाकर सोनटक्के यांनी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाची धुरा सांभाळली. शाळेचा खरा हिशेब मांडायचा तर या माणसांपासून सुरुवात करायला हवी. ती पडद्यावर दिसत नाहीत, म्हणून त्यांची यादी कोणी पाठ करत नाही, एवढंच.

नाटक शिकवणारी एक राष्ट्रीय संस्था हवी, ही मागणी स्वातंत्र्यानंतर लगेचच जोर धरू लागली होती. 1953 मध्ये संगीत नाटक अकादमीचं उद्घाटन झालं आणि 1956 मध्ये अकादमीनं दिल्लीत नाटकावर परिसंवाद भरवला. देशभरचे रंगकर्मी तिथे जमले, भरपूर वाद झाले आणि प्रशिक्षणाचा मुद्दा पुढे आला. दरम्यान कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या भारतीय नाट्य संघानं युनेस्कोच्या मदतीनं दिल्लीत एशियन थिएटर इन्स्टिट्यूट सुरू केलं होतं. ते अकादमीनं आपल्याकडे घेतलं आणि 1959 मध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालय अस्तित्वात आलं. पहिले संचालक होते सतू सेन. अमेरिकेत रंगतंत्र शिकून आलेले आणि कोलकात्याच्या व्यावसायिक रंगभूमीवर फिरता रंगमंच आणणारे हे बंगाली तंत्रज्ञ. त्यांची कारकीर्द थोडक्यात आटोपली. 1962 मध्ये त्यांच्या खुर्चीवर इब्राहिम अल्काझी आले आणि पुढची पंधरा वर्षं शाळा आणि अल्काझी ही दोन नावं वेगळी काढता येईनात.

अल्काझींचा जन्म 1925 चा, पुण्यातला. वडील सौदी अरेबियातून आलेले व्यापारी, आई कुवेतची, घरात अरबी वातावरण आणि शाळा सेंट व्हिन्सेंट. पुढे मुंबईत सेंट झेवियर्समध्ये शिकताना ते सुलतान ऊर्फ बॉबी पदमसी यांच्या थिएटर ग्रुपमध्ये ओढले गेले. बॉबींची बहीण रोशन पुढे त्यांची पत्नी झाली, आणि त्यांच्या नाटकांची वेशभूषाकारही. फाळणीनंतर घरचे बहुतेक लोक पाकिस्तानात गेले, अल्काझी इथेच राहिले. लंडनच्या ‘राडा’ या नाट्यशाळेत शिकून परतल्यावर त्यांनी मुंबईत थिएटर युनिट काढलं आणि आपण राहतो त्याच इमारतीच्या गच्चीवर नाट्यगृह थाटलं. प्रेक्षक जिने चढून वर यायचे. विजया मेहता यांनी तरुणपणी ज्यांच्याकडे नाटकाचे धडे गिरवले, त्यांत अल्काझी होते. साठच्या दशकात मुंबईत जे प्रायोगिक मराठी नाटक घडलं, त्याच्या पूर्वतयारीत या माणसाचा हात होता, ही गोष्ट मराठी माणसं अनेकदा विसरतात.

दिल्लीत आल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय हाती घेतलं? मोहन राकेश यांचं ‘आषाढ का एक दिन’. इंग्रजी नाटकांत मुरलेला दिग्दर्शक आल्या आल्या एका नव्या हिंदी नाटकाकडे वळतो, याचं तेव्हा अनेकांना नवल वाटलं. शाळेला धड नाट्यगृह नव्हतं. आवारातच विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्यांनी खुला रंगमंच तयार केला. पुढच्याच वर्षी धर्मवीर भारतींचं ‘अंधा युग’ त्यांनी फिरोजशाह कोटल्याच्या भग्न अवशेषांत उभं केलं. महाभारत युद्धाच्या अखेरच्या दिवसाचं हे नाटक, आणि भोवती पडक्या भिंती खऱ्याच. चीनच्या युद्धाला वर्षही झालं नव्हतं, त्यामुळे त्या प्रयोगाकडे दिल्लीकरांनी निव्वळ पौराणिक नाटक म्हणून पाहिलं नसणार.

सत्तरच्या दशकात पुराना किल्ल्यात त्यांनी गिरीश कार्नाड यांचं ‘तुघलक’ केलं. मनोहर सिंह यांचा तुघलक आणि उत्तरा बावकर यांची सावत्र आई आजही जुनी माणसं डोळे मिटून आठवतात. किल्ल्याची कमान, पायऱ्या, उंचवटे हेच नेपथ्य, आणि रोशन अल्काझींच्या पोशाखांनी त्यात काळ भरलेला. या प्रयोगांनी दिल्लीच्या प्रेक्षकाला नाटकाला जायची सवय लावली. त्याआधी राजधानीत हौशी मंडळं होती, पंजाबी विनोदी नाटकं होती, पण तिकीट काढून गंभीर हिंदी नाटक पाहायला जाणारा वर्ग फारसा नव्हता.

शाळेच्या आतलं काम मात्र किल्ल्याइतकं झगमगीत नव्हतं. अल्काझींच्या शिस्तीच्या कथा त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात. वेळेचा काटा, टापटीप, स्वच्छतागृह कसं साफ करायचं हे स्वतः करून दाखवणारा संचालक. नटाला फक्त अभिनय येऊन भागणार नाही, त्याला सुतारकाम, प्रकाशयोजना, पोशाखाचं कापड, चित्रकला आणि जगाचं नाट्यवाङ्मय ठाऊक हवं, असा त्यांचा आग्रह होता. मुलांनी ग्रीक शोकांतिका केल्या, शेक्सपिअर केला, चेखव्ह केला. त्याच मुलांनी प्रेमचंदांच्या ‘गोदान’वरचं ‘होरी’ही केलं. शांता गांधी यांनी गुजरातच्या भवाईतून ‘जसमा ओडन’ बसवलं. पूर्व जर्मनीचे फ्रिट्झ बेनेविट्झ येऊन ब्रेख्त शिकवून गेले. हेच बेनेविट्झ काही वर्षांनी मुंबईत विजया मेहतांबरोबर ‘अजब न्याय वर्तुळाचा’ करताना मराठी प्रेक्षकाला भेटले. 1964 मध्ये शाळेची रेपर्टरी कंपनी सुरू झाली. शिकून बाहेर पडलेल्याला लगेच पोटापाण्यासाठी वणवण करावी लागू नये आणि शाळेचं काम वर्षभर रंगमंचावर दिसावं, हा त्यामागचा साधा व्यवहार.

अल्काझींवरचे आक्षेपही काही कमी नव्हते. त्यांचं नाटक देखणं आहे पण परदेशी वळणाचं आहे, नट त्यांच्या आखणीत बाहुल्यांसारखे हलतात, शाळेत एकट्या माणसाचं राज्य आहे. यांतला पहिला आक्षेप थोडा आळशी वाटतो. राकेश, भारती, कार्नाड या तिघांना राष्ट्रीय पातळीवर नेऊन ठेवणाऱ्या दिग्दर्शकाला परदेशी म्हणायचं तर देशी कोणाला म्हणायचं? तिसऱ्या आक्षेपात तथ्य होतं. पंधरा वर्षं एकाच व्यक्तीच्या दृष्टीवर चाललेली संस्था त्या व्यक्तीशिवाय चालायला शिकत नाही. 1975 मध्ये शाळा संगीत नाटक अकादमीपासून वेगळी होऊन स्वायत्त झाली, आणि दोनच वर्षांनी, विद्यार्थ्यांमध्ये धुसफूस सुरू असताना, अल्काझी राजीनामा देऊन निघून गेले. त्यानंतर त्यांनी नाटकापेक्षा चित्रकलेत जास्त मन घातलं. रोशन आणि त्यांनी दिल्लीत आर्ट हेरिटेज ही गॅलरी चालवली. 1992 मध्ये मात्र रेपर्टरीसाठी ते पुन्हा दिग्दर्शनाकडे आले.

त्यांच्या जागी आले बी. व्ही. कारंत, आणि शाळेचा नूरच पालटला. कारंत कर्नाटकातल्या गुब्बी कंपनीत लहानपणी वाढलेले, बनारसला संगीत शिकलेले, आणि याच शाळेचे विद्यार्थी. अल्काझी नाटक डोळ्यांनी रचत, तर कारंत कानांनी. डबा, पत्रा, काठी, जे सापडेल त्यातून ते ध्वनी काढत. त्यांचं ‘बर्नम वन’, म्हणजे यक्षगानाच्या अंगानं केलेला मॅकबेथ, हे त्या काळाचं ठळक उदाहरण. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यांनी शाळा दिल्लीबाहेर काढली. राज्याराज्यांत, तिथल्या भाषेत, तिथल्या कलावंतांबरोबर नाट्यशिबिरं घ्यायची पद्धत त्यांच्या काळात पक्की झाली. जी मुलं दिल्लीला कधीच पोचली नसती, त्यांच्यापर्यंत एनएसडीचे शिक्षक पोचू लागले.

इथेच शाळेचा मूळचा पेच समोर येतो. राष्ट्रीय संस्था, पण शिकवण्याची भाषा हिंदी. मणिपूर, केरळ, आसाम किंवा बीड जिल्ह्यातून आलेला विद्यार्थी तीन वर्षं दुसऱ्याच्या भाषेत संवाद म्हणतो आणि मग आपल्या गावी परतून आपल्या भाषेत नाटक करायचं की मुंबईची गाडी पकडायची, हे ठरवतो. बहुतेकांनी काय ठरवलं हे सिनेमा पाहणाऱ्यांना माहीत आहेच. यात नटांना दोष द्यायचं कारण नाही. ज्या देशात पूर्णवेळ नाटक करून घर चालत नाही, तिथे प्रशिक्षित नट सिनेमाकडेच जाणार. पण कारंतांनी दाखवलेली दिशा शाळेनं अर्ध्या मनानंच पकडली, असं म्हणावं लागतं. बंगळूरू, गंगटोक, आगरतळा, वाराणसी अशी केंद्रं निघाली खरी, पण कारंतांनी शाळा सोडल्यानंतर बऱ्याच उशिरा.

मधले संचालक थोडक्यात पाहता येतील. बी. एम. शाह, मोहन महर्षी, रतन थिय्यम, सगळे याच शाळेचे माजी विद्यार्थी आणि सगळ्यांचा काळ आखूड. कीर्ती जैन यांच्या काळात मुलांसाठी आणि शाळांमध्ये काम करणारी वेगळी मंडळी सुरू झाली. रामगोपाल बजाज यांनी 1999 मध्ये भारत रंग महोत्सव चालू केला. ‘भारंगम’ म्हणून ओळखला जाणारा हा महोत्सव आज शाळेची सर्वांत दिसणारी बाजू आहे. त्यामुळे मराठी, मल्याळम, मणिपुरी नाटकं दरवर्षी एका ठिकाणी दिसू लागली. महोत्सव जितका मोठा होत गेला, तितका शाळेचा वेळ आणि माणसं त्यात अडकत गेली, ही तक्रारही सोबत वाढली. तिच्यात दम आहे. वर्ग आणि उत्सव एकाच कार्यालयातून चालवायचे, तर वर्गालाच थांबावं लागतं.

उत्सवाचा सर्वांत मोठा अवतार एका मराठी संचालकाच्या काळात झाला. केज तालुक्यातून येऊन या शाळेत शिकलेले, ‘झुलवा’सारखं नाटक करणारे आणि मुंबई विद्यापीठाच्या नाट्यकला अकादमीची उभारणी करणारे वामन केंद्रे 2013 मध्ये संचालक झाले. 2018 मध्ये थिएटर ऑलिंपिक्स हा आंतरराष्ट्रीय नाट्यमहोत्सव शाळेनं भारतात भरवला, तो आठवा. एक्कावन्न दिवस, सतरा शहरं आणि सुमारे साडेचारशे नाटकं. उद्घाटन दिल्लीच्या लाल किल्ल्यावर झालं, समारोप मुंबईत.

मराठी रंगभूमीला या शाळेनं दिलेल्या गोष्टी मात्र अशा आकड्यांत बसत नाहीत. सई परांजपे साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे शिकल्या. ज्योती सुभाष शिकल्या. जयदेव आणि रोहिणी हट्टंगडी सत्तरच्या दशकात दिल्लीहून मुंबईला परतले आणि ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेबरोबर त्यांनी लोर्काच्या ‘येर्मा’वरून ‘चांगुणा’ केलं. ‘गांधी’ चित्रपटातल्या कस्तुरबांसाठी रोहिणीताईंना बाफ्टा पुरस्कार मिळाला, पण त्याआधी बरीच वर्षं त्या छोट्या मंचावर उभ्या होत्या. उत्तरा बावकर दीर्घकाळ दिल्लीच्या रेपर्टरीत राहिल्या आणि शेवटी पुण्यात स्थायिक झाल्या. या सगळ्यांच्या कामात एक सारखेपणा जाणवतो. शब्दावरची पकड मराठी नाटकातली, आणि शरीर, अवकाश, प्रकाश यांची जाण दिल्लीची.

शाळेचा कारभार पाहायचा तर दोन खुर्च्या लक्षात घ्याव्या लागतात. एक संचालकाची, दुसरी नियामक सोसायटीच्या अध्यक्षाची. अध्यक्षपदावर अनुपम खेर, अल्काझींच्या कन्या अमाल अल्लाना, रतन थिय्यम, परेश रावल असे लोक येऊन गेले. ते नेमणं सरकारच्या हाती. 2005 मध्ये शाळेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. माजी विद्यार्थ्यांनी विरोध केला. विद्यापीठांच्या नियमावलीत बसायचं तर मुलाखत आणि कार्यशाळा घेऊन विद्यार्थी निवडायची पद्धत, पदवी नसलेल्या कलावंताला शिक्षक म्हणून आणायची मोकळीक, दोन्ही धोक्यात येणार होत्या. अखेर शाळेनंच विनंती करून तो दर्जा सोडला. प्रतिष्ठेचा दर्जा स्वतःहून परत करणारी संस्था आपल्याकडे विरळाच.

केंद्रे 2018 मध्ये पायउतार झाल्यावर जवळपास पाच वर्षं शाळा प्रभारी संचालकांच्या भरवशावर चालली. 2023 मध्ये शाळेचेच माजी विद्यार्थी चित्तरंजन त्रिपाठी यांची पूर्णवेळ नेमणूक झाली. मधल्या काळात प्रवेश झाले, वर्ग चालले, भारंगमही पुन्हा भरला. पण दीर्घ पल्ल्याचे निर्णय, नवे शिक्षक, अभ्यासक्रमाची फेरमांडणी हे प्रभारी माणूस सहसा अंगावर घेत नाही. अल्काझींना पंधरा वर्षं सलग मिळाली होती, म्हणजे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या पाच फेऱ्या आणि चुका दुरुस्त करायला पुरेसा अवधी. एवढी मुदत त्यांच्यानंतर कोणालाच मिळालेली नाही.