न सापडलेल्यांचे सुतक

नांदूर मधमेश्वरातून विसर्ग वाढला की वैजापूर तालुक्यातील गोदाकाठच्या गावांचा जीव टांगणीला लागतो. वाहून गेलेले घर पंचनाम्यात उतरते, परंतु जे माणूस परतले नाही आणि ज्याचा देहही गवसला नाही, त्याचे सुतक धरावे की वाट पाहावी, हे कोणता कारकून सांगणार? खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह निघाले, आणि चार दिवसांनी शोध थांबला तेव्हा ५७ जण बेपत्ताच होते. एरवी कायदा सात वर्षांनंतर मृत्यू गृहीत धरतो. तोवर दाखला नाही, वारसनोंद नाही. अशा कुटुंबांचा दीर्घ अभ्यास करणाऱ्या अमेरिकी विदुषी पॉलिन बॉस यांच्या मते, ‘तो गेला असेल, कदाचित नसेलही’ ही परस्परविरुद्ध वाक्ये घरच्यांना एकत्र उच्चारू द्यावीत. आपल्याकडे देहाच्या अभावी प्रतिमा करून दहन करण्याचा पालाशविधी आहे खरा. मात्र तो केव्हा करावा, याविषयी एकाच घरातील सासू-सुनेचे एकमत होईलच असे नाही. म्हणून भाऊबंदांनी घाई करू नये. दाखल्यासाठी तहसील कचेरीत हेलपाटे घालणारी सून कुंकू पुसायला तयार नसेल, तर त्यात लबाडी शोधू नये.