गुत्ता, पब आणि चहाचे हॉटेल

इंग्रज लोक आपल्या दारूच्या दुकानाला ‘पब्लिक हाउस’ म्हणतात. ‘पब’ हे त्याचेच आखूड केलेले रूप. शब्दशः अर्थ घेतला तर सार्वजनिक घर. आपल्याकडे त्याच धंद्याला गुत्ता म्हणतात, आणि गुत्ता म्हणजे मक्ता. एकाने दुकानाला गिऱ्हाइकाच्या बाजूने नाव दिले, दुसऱ्याने महसुलाच्या बाजूने. या दोन नावांतले अंतर लक्षात ठेवले तर पुढचे समजायला सोपे जाईल.

वर्धा जिल्ह्यात १९७४ सालापासून दारूबंदी आहे. तेव्हा सिंदी मेघेच्या माणसाने पबची परीक्षा कशी करावी हे सांगायला उभे राहणे काही श्रोत्यांना चमत्कारिक वाटेल. आम्ही स्वतः पीत नाही; बंदी उठवा अशी मागणीही घेऊन आलेलो नाही. परंतु कामगारांची संघटना बांधताना पहिला प्रश्न नेहमी एकच पडतो: पाळी सुटल्यावर ही माणसे बसणार कोठे? त्या प्रश्नामुळे आम्ही पबविषयी मिळेल ते वाचले.

आधी पेयाकडे पाहू. इंग्रजी पबचे खरे पेय एल. जवाला मोड आणून ते वाळवतात, त्याचा काढा करतात, त्यात हॉप नावाच्या वेलीची कडू फुले घालतात आणि किण्व टाकून आंबवतात. जुन्या पद्धतीची एल पिंपात भरल्यावरही जिवंत असते. पबच्या तळघरात तिचे आंबणे चालूच राहते. पिंप स्थिर ठेवून गाळ खाली बसू द्यायचा, मग हाताच्या पंपाने वर ओढायची. तिला तळघराचा गारवा पुरतो, ११ ते १३ अंश. बर्फासारखी थंड केली तर चव मरते. उघडलेले पिंप तीनेक दिवसांत संपवावे लागते. जाणकार पेला उजेडात धरून ती नितळ आहे का पाहतो, मग वास घेतो. आंबूस, शिरक्यासारखा वास आला तर पेला परत करतो आणि चांगला दुकानदार तो वाद न घालता बदलून देतो. माप पाइंटचे, म्हणजे ५६८ मिलिलिटरचे, आणि पेल्यावर मापाची सरकारी खूण. मोठ्या कारखान्यांनी गाळून, तापवून, वायूच्या दाबाने भरलेली निर्जीव बिअर सगळीकडे पसरवली, तेव्हा १९७१ साली चार मित्रांनी जुन्या एलसाठी मोहीम काढली. ती आजही चालू आहे. गिऱ्हाइकांची युनियनच म्हणा ना.

या जिवंतपणाचे नवल आमच्या भागातल्या जुन्या माणसाला वाटणार नाही. आमच्या गावाच्या नावात जो शब्द आहे, तोच झाडालाही लागतो आणि त्या झाडाच्या रसालाही. थंडीच्या दिवसांत सिंदीच्या झाडाचा शेंड्याजवळचा भाग तासून संध्याकाळी मडके बांधतात आणि उजाडण्यापूर्वी उतरवतात. मडक्याला आतून चुना लावला असेल तर उतरते ती नीरा, गोड आणि बिननशेची. चुना नसेल, ऊन चढले असेल, तर काही तासांतच तिला फेस येतो आणि एलइतका मद

्यांश भरतो. गांधीजी १९३४ साली वर्ध्यास आले, त्याच वर्षी अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत कुमारप्पांनी त्याचे काम उभे केले. या मंडळींनी झाड तोडा असे म्हटले नाही. नीरा प्या, तिचा गूळ करा, म्हणजे झाडावर चढणाऱ्याची भाकरी जाणार नाही, असे ते म्हणाले. दारूबंदीच्या विचारात कामगाराच्या रोजीचा हिशेब धरलेला हा दाखला आम्हांला फार मोलाचा वाटतो.

आता घराकडे वळू. जॉर्ज ऑर्वेल हे लेखक १९०३ साली बिहारात मोतिहारीला जन्मले. वडील सरकारच्या अफू खात्यात नोकरीला होते. त्यांनी १९४६ साली लंडनच्या एका वर्तमानपत्रात आपल्या आवडत्या पबचे वर्णन लिहिले. बोलणे ऐकू येईल इतकी शांतता, गिऱ्हाइकांना नावाने ओळखणाऱ्या बाया, मागे बाग. बिअरचा मान दुसरा, वातावरणाचा पहिला. आणि शेवटी सांगून टाकले की असा पब मुळी अस्तित्वातच नाही!

इंग्लंडमधल्या कारागिरांच्या जुन्या संघटना पबमध्येच वाढल्या. परगावचा कारागीर शहरात आला की आपल्या धंद्याच्या ठरलेल्या पबमध्ये जाई. काम कोठे आहे ते तेथे कळे, वर्गणीची कुलूपबंद पेटीही तेथेच असे. मात्र ही जागा फुकट नव्हती. भाड्याऐवजी सभासदांनी अमुक इतकी बिअर घ्यावी असा रिवाज असे. काही मालक तर मजुरी पबमध्येच वाटत, म्हणजे घरी पोहोचण्यापूर्वीच ती निम्मी व्हायची. ती वाटण्यास १८८३ साली कायद्याने मनाई झाली. ‘सार्वजनिक’ हा शब्दही पुरता खरा नव्हता. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर एल व्हिनो नावाचे मद्यगृह आहे. तेथे स्त्रियांना पुरुषांबरोबर गल्ल्याशी उभे राहून पेय घेता येत नसे. वरिष्ठ न्यायालयाने हे बेकायदा ठरवले ते १९८२ साली.

आमच्याकडे बायकांनी दुसराच न्याय मागितला. चंद्रपूर जिल्ह्यात त्यांच्याच आंदोलनामुळे २०१५ साली बंदी आली. २०२१ साली ती उठली. ज्या बाईच्या घरी पगाराचे पाकीट रिकामे येते तिला पबच्या वातावरणाचे कौतुक सांगायला आम्ही धजणार नाही. तरी एक गोष्ट बोललीच पाहिजे. चोरून विकल्या जाणाऱ्या दारूची परीक्षाच करता येत नाही. तिला माप नाही, उजेड नाही, परत करण्याची सोय नाही. मिथाइल अल्कोहोल जिभेला ओळखू येत नाही. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसे विषारी दारूने मेली. तेथे बंदी नव्हती. गरिबाला परवडणारी दारू तेवढीच होती. म्हणजे बंदी असो वा नसो, अंधारात पिणारा तो गरीबच.

मग आमच्या जिल्ह्यात सार्वजनिक घर कोणते? चहाचे हॉटेल. त्यालाही तीच कसोटी लावावी. चहा ताज्या दुधाचा आहे की सकाळपासून उकळतो आहे, हे वासावरून कळते. अर्धा चहा मागितल्यावर मालकाचे तोंड वाकडे होते का, ते पाहावे. पाणी न मागता येते का? वर्तमानपत्र आहे का, आणि त्याची पाने चार टेबलांवर वाटली गेली आहेत का? (वाटली गेली असतील तर हॉटेल उत्तम.) बाई एकटी आली तर तिला पडद्यामागच्या ‘फॅमिली रूम’कडे बोट दाखवतात की बाहेरच्या बाकावर जागा देतात? ‘विनाकारण बसू नये’, ‘राजकीय चर्चा करू नये’ अशा पाट्या भिंतीवर असल्या तर आम्ही उठतो. कपबशा उचलणाऱ्या पोराचे वय मात्र आम्ही सर्वांत आधी विचारतो, आणि पगार कोण घेतो तेही. तो पोरगा शाळेच्या वयाचा असेल तर चहा कितीही फक्कड असो, त्या हॉटेलला आमच्या वहीत शून्य.

अलीकडे रस्त्यावर चहाची नवी झगझगीत दुकाने निघाली आहेत. एकाच नावाची दहा गावांत दहा दुकाने, कुल्हडात चहा, पैसे मोबाइलवरून. चहा वाईट नसतो. पण अशा बऱ्याच दुकानांत बाकच ठेवलेला नसतो; उभ्याने प्यायचे आणि चालू लागायचे. संघटनेची बैठक ठरवायची झाली तर आम्हांला अजून जुन्या, धुराने काळवंडलेल्या हॉटेलातच जावे लागते. तेथे सहा माणसांत तीन चहा सांगून तासभर बसता येते.