ज्या लेखाला वाचक नाही, त्याचे काय करावे?

पुष्कळ गावांतून आता शाळेची, वाचनालयाची किंवा ग्रामपंचायतीची स्वतःची अशी जागा इंटरनेटवर झालेली आहे. गुरुजी, ग्रंथपाल, एखादा हौशी शेतकरी, अशी मंडळी तेथे लेख लिहून ठेवतात. गावच्या देवळाचा इतिहास, कांदा साठवण्याची रीत, साप चावला तर काय करावे, आजीच्या तोंडच्या ओव्या, असे नाना विषय. कागद लागत नाही, छपाईचे बिल येत नाही, तेव्हा लेख भराभर वाढतात. चार-पाच वर्षे गेली, की एक दिवस कोणीतरी हिशेब मांडतो. समजा, शंभर लेख आहेत. त्यांतले दहा-बारा लोक वाचतात. बाकीच्यांकडे महिन्यातून दोघे-तिघे फिरकतात, काहींकडे तर कोणीच नाही. मग बैठकीत कोणीतरी म्हणतो, "अहो, ही अडगळ ठेवायची कशाला? काढून टाका." दुसरा म्हणतो, "राहू द्या की, जागा थोडीच अडते आहे!" आणि विषय तेवढ्यावर संपतो.

माझ्या मते दोघेही घाई करतात. लेखाला वाचक नाही, हे एक लक्षण झाले. ताप आला म्हणजे काय झाले, हे पाहिल्यावाचून वैद्य औषध देत नाही. येथेही आधी कारण पाहिले पाहिजे, कारण चार निरनिराळ्या कारणांनी लेख न वाचलेला राहतो आणि चारींचे औषध वेगळे आहे.

पण त्याच्याही आधी तो आकडा म्हणजे काय ते पाहू. पान कोणी उघडले, की यंत्र एक मोजते. आलेला माणूस शेवटपर्यंत वाचून गेला, की दारातून डोकावून परत फिरला, हे त्या एकात दिसत नाही. शिवाय येणारा प्रत्येक जण माणूसच असतो असेही नाही. गूगलसारख्या शोधयंत्रांचे आपोआप फिरणारे हेर रात्रंदिवस पाने चाळत असतात. मोजणीच्या काही पद्धती त्यांना गाळतात, काही गाळत नाहीत. ज्या पानावर महिन्यात पाचच भेटी आहेत, तेथे पाचांतले माणूस किती हे सांगणे कठीण. याची उलट बाजूही आहे. एखाद्या गुरुजींनी लेख एकदा उघडला, कागदावर उतरवून घेतला आणि चाळीस मुलांच्या वर्गात वाचून दाखवला, तर वाचक झाले चाळीस आणि यंत्राच्या वहीत पडला एक. शिवाय मोसमही पाहावा लागतो. सर्पदंश पावसाळ्यात वाढतात. त्याविषयीच्या लेखाचा जानेवारीतला आकडा पाहून निकाल दिलात, तर उन्हाळ्यात छत्री विकून टाकल्यासारखे होईल. निदान एक पूर्ण वर्ष मोजावे, मग बोलावे.

आता कारणांकडे वळू. सर्वांत साधे आणि सर्वांत जास्त आढळणारे कारण हे, की लेख कोणाला सापडतच नाही.

आम्हा शिकलेल्या लोकांना मथळा भारदस्त लागतो. लेखाला आम्ही नाव देतो 'वृश्चिकदंश : कारणे, लक्षणे व उपाययोजना'. ज्याच्या पोराला रात्री नऊ वाजता गोठ्यात विंचू चावला आहे, तो मोबाइलला काय विचारील? "विंचू चावला, काय करावे?" असे विचारील. कोणी 'इंचू' म्हणेल. हल्ली अक्षरे न दाबता तोंडाने विचारण्याचीही सोय झाली आहे, आणि तोंडाने 'वृश्चिकदंश' म्हणणारा माणूस मला अजून भेटावयाचा आहे. शोधयंत्रे थोडाफार अर्थ ओळखू लागली आहेत हे खरे. तरी मथळ्यात आणि पहिल्या दोन ओळींत लोकांच्या तोंडचा शब्द असला, तर लेख सापडणे पुष्कळ सोपे होते. मृत्तिका, जलसंधारण, पशुखाद्य हे शब्द लेखात खुशाल असोत, पण दारावर पाटी माती, पाणी आणि पेंड यांची लावावी.

दुसरी अडचण अक्षरांची आहे, आणि ती पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. मराठी टंकलेखनासाठी आपल्याकडे अनेक वर्षे श्रीलिपी, कृतिदेव असे फाँट चालत होते. छापखान्यांतून आजही चालतात. त्यांची रीत अशी, की संगणकाच्या पोटात अक्षर साठवले जाते वेगळ्याच संकेताने, बहुधा इंग्रजी अक्षराच्या खुणेने, आणि पडद्यावर त्याच्या अंगावर मराठी अंगरखा चढतो. तुमच्या संगणकात तो अंगरखा आहे, म्हणून तुम्हाला 'पाऊस' दिसतो. ज्याच्याकडे तो नाही, त्याला इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. शोधयंत्रालाही खिचडीच दिसते. मग त्या लेखात पावसाबद्दल काही आहे, हे त्याला कळणार कसे? युनिकोड या सर्वमान्य संकेतात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा असा ठरलेला क्रमांक आहे, तेव्हा तो मजकूर कोठेही उघडला तरी मराठीच राहतो आणि शोधाला सापडतो. जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये आणून देणारी साधने आता मिळतात. त्यानंतर जोडाक्षरे व रफार तेवढे एकदा डोळ्यांखालून घालावे लागतात. कागदाचा फोटो काढून तसाच चढवला असेल, तर तोही शोधाच्या दृष्टीने बहुतेक वेळा मुकाच. फोटोतली अक्षरे ओळखणारी यंत्रे आहेत, पण त्यांच्यावर भरवसा ठेवून स्वस्थ बसू नये. वर्गातल्या चार मुलांकडून मजकूर टाइप करून घेतलात, तर शुद्धलेखनाचाही तास होऊन जाईल.

आणि तिसरी गोष्ट वाटेची. लेख आहे, पण दुसऱ्या कोणत्याही पानावरून त्याच्याकडे जाण्याचा दुवाच नाही. विकिपीडियावर अशा लेखांना अनाथ म्हणतात. कांदा साठवणुकीच्या लेखातून कांदाचाळीच्या लेखाकडे वाट ठेवावी, तेथून करप्याकडे. माणूस एका लेखाला म्हणून येतो आणि तीन वाचून जातो. इतके सारे करून वर्षभर थांबावे. पुष्कळदा दुखणे येथेच बरे होते.

दुसऱ्या जातीचा लेख नीट सापडतो, नीट लिहिलेला आहे, आणि तरी वाचक थोडेच. कारण विषयच थोड्यांचा. एका गावच्या बारवेचा शिलालेख, पायली-शेराची मापे, एखाद्या घराण्याची जुनी सनद. याला हजार वाचक कोठून येणार? ग्रंथालयशास्त्राचे आपले आचार्य एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रे सांगितली. त्यांतले तिसरे असे, की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. किती वाचक, हे त्यांनी म्हटले नाही. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'चे उदाहरण घ्या. नाव सर्वांना ठाऊक, पण ग्रंथाची पूर्ण प्रत कित्येक शतके विद्वानांच्या नजरेआड होती. १९०५ साली तंजावर भागातल्या एका पंडिताने एक हस्तलिखित म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आणून दिले. तेथले ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी ते ओळखले आणि १९०९ साली छापून काढले. तोवर त्या पोथीच्या वाचकांचा आकडा मांडला असता तर काय आला असता? कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या ती जपली म्हणून हिंदुस्थानच्या इतिहासाचे एक दालन उघडले. मात्र आपला प्रत्येक न वाचलेला लेख म्हणजे 'अर्थशास्त्र', अशी समजूत कोणी करून घेऊ नये! कसोटी साधी आहे. या लेखात दुसरीकडे कोठेही न मिळणारे असे काही आहे काय? गावातल्या म्हाताऱ्या बाईकडून उतरवून घेतलेल्या वीस ओव्या असतील, तर वाचक एक असो की शून्य, त्या ठेवाव्यात. ताजमहालाची माहिती चार पुस्तकांतून उतरवलेली असेल, तर तिच्यासाठी रडू नये.

आता तिसरी जात, आणि मंडळी, सर्वांत जास्त लक्ष येथे द्यावयाचे आहे. लेख एके काळी बरोबर होता, किंवा बरोबर समजला जात होता. आज तो चूक आहे.

समजा, गावच्या जागेवर 'साप चावल्यावर प्रथमोपचार' असा एक लेख आहे. जुन्या पुस्तकावरून कोणीतरी उतरवलेला. त्यात लिहिले आहे, की दंशाच्या वर दोरी करकचून आवळा, पात्याने चीर द्या, रक्त चोखून थुंका. एके काळी हे शाळेच्या पुस्तकांतूनही शिकवले जात असे. आजचे वैद्यक यातले काहीही करू नका म्हणते. आवळलेल्या दोरीने हातपाय कायमचा निकामी होऊ शकतो, चीर दिल्याने रक्तस्राव वाढतो, आणि चोखून विष निघत नाही. माणसाला धीर द्यावा, चालू देऊ नये, दंश झालेला अवयव मोडलेल्या हाडासारखा फळी लावून स्थिर ठेवावा, अंगठी-जोडवी काढावीत, आणि वेळ न दवडता सापाच्या विषावरचे इंजेक्शन जेथे मिळते त्या दवाखान्यात पोचवावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारींवर चालणारे इंजेक्शन आपल्या देशात तयार होते. तरीही २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात दर साल सरासरी ५८,००० माणसे सर्पदंशाने दगावली, असा संशोधकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांतली बहुतेक खेड्यांतली.

विंचवाचेही तसेच. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने, विशेषतः लहान मुले, हृदयावर ताण येऊन दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ग्रामीण दवाखान्यात रात्र-रात्र रोग्यांजवळ बसून त्याचा अभ्यास केला. प्राझोसिन नावाचे रक्तदाबाचे साधे औषध यावर गुणकारी आहे, हे त्यांनी १९८० नंतरच्या दशकात दाखवून दिले आणि 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय पत्रिकेने ते छापले. त्यापूर्वीच्या पुस्तकावरून उतरवलेल्या लेखात हे असणे शक्यच नाही. शेतीतही हाच प्रकार. एंडोसल्फान हे कीटकनाशक एके काळी कपाशीवर सर्रास फवारले जाई. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली. त्याची मात्रा सांगणारा लेख अजून कोठे पडून असेल, तर?

येथे कोणी म्हणेल, की अहो, पण तो लेख महिन्याला तिघेच पाहतात. होय, पण ते तिघे कोण आहेत? ताजमहालाचा लेख माणूस फावल्या वेळी वाचतो. साप चावल्याचा लेख, ज्याच्या घरात साप चावला आहे, तोच रात्री उघडतो, आणि वाचले तसे करतो. तेव्हा असल्या लेखाला वर्षभर थांबण्याचा नियम लावू नये. आजच्या आज दुरुस्त करावा. दुरुस्त करण्याइतकी आपली माहिती नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना किंवा कृषी सहायकांना दाखवावा आणि तोवर खाली उतरवावा. आणि यापुढे प्रत्येक लेखाच्या माथ्यावर दोन तारखा घालाव्यात, लिहिल्याची आणि शेवटी तपासल्याची. औषधाच्या बाटलीवर तारीख पाहणारी माणसे आपण, औषध सांगणाऱ्या लेखावर ती का पाहू नये?

चौथे कारण पुनरुक्तीचे. एकाच जत्रेवर पाच जणांनी पाच लेख लिहिले, प्रत्येक दहा ओळींचा. त्यांचा एक चांगला लेख करावा, लिहिणाऱ्या पाचांचीही नावे खाली द्यावीत, म्हणजे रुसवे होत नाहीत. मराठी विकिपीडियावर, जो २००३ साली सुरू झाला, गावांवरचे असे पुष्कळ लेख आहेत, की ज्यांत एकाच साच्याच्या दोन-चार ओळी आहेत आणि गावाचे नाव तेवढे बदलते. तेथे नुसते वाचक कमी म्हणून लेख काढत नाहीत. विषय उल्लेखनीय आहे का आणि त्याला विश्वासार्ह आधार आहेत का, हे पाहतात. तुमच्या गावाचा लेख तसा कोरडा असेल, तर आधार देऊन चार खऱ्या ओळी तुम्हीच घालू शकता. कोणाची परवानगी लागत नाही.

इतके करूनही काही लेख काढावेच लागतील. काढण्याची रीत मात्र असावी. पान नुसते पुसले, तर ज्यांनी ज्यांनी त्याचा पत्ता वहीत, पुस्तकात किंवा दुसऱ्या पानावर लिहून ठेवला असेल, त्यांना 'पान सापडत नाही' एवढीच पाटी दिसते. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली पाहणी केली, तेव्हा २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडत नव्हती. म्हणून दोन लेख एक केले, तर जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्या पानावर आपोआप नेऊन सोडण्याची व्यवस्था करावी. ती करता येते, आणि ज्याने तुमची जागा बांधून दिली त्याला ती ठाऊक असते. पोस्टमन नाही का, घर बदलले तरी पत्र नव्या घरी आणून देत! मागे काही ठेवावयाचे नसेल, तरी काढण्यापूर्वी पानाची प्रत इंटरनेट आर्काइव्हकडे नोंदवावी. १९९६ साली सुरू झालेली ही संस्था पानांच्या जुन्या प्रती सांभाळते आणि कोणालाही फुकट दाखवते. चूक ठरलेला औषधोपचाराचा लेख मात्र तेथे नोंदवण्याच्या भरीस पडू नये. शाळेच्या दप्तरात त्याची एक छापील प्रत पुरे, आणि तिच्यावर लाल शाईने 'रद्द', तारीख आणि कारण लिहिलेले असावे. पुढे येणाऱ्या गुरुजींना जुने पुस्तक हाती लागून तोच लेख पुन्हा उतरवावासा वाटला, तर ती प्रत त्यांना दिसेल.