विमानातील थट्टा

एस.टी.त बसलेला मनुष्य ड्रायव्हरला खुशाल विचारतो, "काय हो, ब्रेक लागतात ना?" आणि सारी गाडी हसते. देऊळघाटाहून बुलढाण्याला जाताना ही थट्टा खपून जाते. परंतु हल्ली आपल्याकडील पुष्कळ वडीलधारी मंडळी मुलाबाळांकडे जाण्यासाठी छत्रपती संभाजीनगरास जाऊन विमानात बसतात, आणि तोच जिभेचा सैलपणा बरोबर नेतात. म्हणून या विषयाचा विचार आम्हांस अगत्याचा वाटतो.

ऑगस्ट 2024 मध्ये कोचीहून मुंबईस निघालेल्या एका उतारूने तपासणीच्या वेळी, आपल्या पिशवीत बॉम्ब आहे की काय, असा सवाल केला. सामान तपासले, काही निघाले नाही; तरी त्यास अटक झालीच. त्याआधी, जून 2023 मध्ये, दिल्लीहून मुंबईस येणाऱ्या विमानातील प्रकार याहून चमत्कारिक. एक गृहस्थ टेलिफोनवर आईशी बोलत होते: तपासनिसांनी नारळ नेऊ दिला नाही, त्यात म्हणे बॉम्ब असू शकतो! एका सहप्रवासी बाईंच्या कानी तो शब्द पडला, त्यांनी तक्रार केली, आणि विमान सुमारे दोन तास खोळंबले.

नारळाचे कारण तसे साधे आहे. सुके खोबरे तेलकट. साठ्यात ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांत ते धोक्याच्या मालात मोडते. (ओटीतली खोबऱ्याची वाटी अशी संशयित ठरावी, ही मौजच!) हे कारण उतारूला कोणी समजावून सांगत नाही. मग माणूस चिडतो, आणि चिडला की बोलतो.

पण तपासनिसापाशी मनातले ओळखण्याचे यंत्र नसते. एप्रिल 1955 मध्ये एअर इंडियाचे 'काश्मीर प्रिन्सेस' हाँगकाँगला उभे असता त्यात कालबॉम्ब ठेवला गेला. तो समुद्रावर फुटून 19 पैकी 16 जण गेले. कॅप्टन जटार त्यांतच गेले. वाचलेल्या तिघांत इंजिनियर कर्णिक होते. जून 1985 मध्ये 'कनिष्क' आयर्लंडजवळ कोसळून 329 बळी पडले. हा इतिहास ज्यांच्या पाठीशी आहे, त्यांनी 'थट्टा असेल' म्हणून विमान सोडावे, असे कोण म्हणेल? मग उतारू उतरवायचे, सामान पुन्हा पाहायचे. तोवर वैमानिकाचे कामाचे तास सरत येतात आणि पुढची विमानेही रखडतात.

1982 च्या कायद्यात, खोटी आहे हे ठाऊक असून माहिती देऊन उडत्या विमानाची सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्यास जन्मठेप सांगितली आहे. 'ठाऊक असून' हे शब्द आम्हांस महत्त्वाचे वाटतात. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेले विमान पोकळ धमकीपायी दिल्लीस उतरवावे लागले. तसली धमकी देणारा आणि आईपाशी नारळाचे गाऱ्हाणे सांगणारा, हे एका मापाने मोजता येणार नाहीत. दुसऱ्यास समज पुरे. मात्र खोळंबा दोघांमुळेही सारखाच होतो, आणि त्या विमानात कोणी आजारी आईला भेटायला निघालेलाही असतो.

तपासणीत पिशवीत काय आहे असे विचारले, तर जे आहे तेच सांगावे. आणि खोबरे न्यायचेच असेल, तर ते चालते की नाही हे सामान देण्याच्या खिडकीवर आधी विचारून घ्यावे.