निर्यातीच्या हिशेबातील न दिसणारे पाणी

आंतरराष्ट्रीय व्यापाराने पर्यावरणाचे हित होते की हानी, हा प्रश्न बहुधा इतक्या व्यापक स्वरूपात विचारला जातो की त्याचे उत्तर निसटून जाते. जळगाव जिल्ह्यातील केळीपुरता तो विचारल्यास काही निश्चित हाती लागते.

ग्रॉसमन व क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ साली व्यापाराच्या पर्यावरणावरील परिणामांची तीन अंगे वेगळी केली: उत्पादनाचा विस्तार, उत्पादनाच्या रचनेतील पालट आणि तंत्रातील सुधारणा. रावेर-यावल भागात तिन्ही दृष्टीस पडतात. आखाती देशांच्या मागणीने केळीच्या लागवडीस बळ मिळते; कमी पाण्यावर येणारी ज्वारी मागे हटते; आणि त्याच मागणीमुळे ठिबक सिंचन व ऊतिसंवर्धित रोपे परवडू लागतात. तिसऱ्या अंगाने पहिल्या दोहोंचा भार हलका व्हावा, अशी अपेक्षा असते. तथापि ठिबकाने वाचलेले पाणी पुष्कळदा नव्या लागवडीसच लावले जाते.

जिल्ह्याचा वार्षिक पाऊस सुमारे ७०० मिलिमीटर. केळीची गरज त्याच्या दुपटीहून अधिक. ही तूट सातपुड्याच्या पायथ्याशी साचलेल्या गाळाच्या थरांतून भरून काढावी लागते. पातळी खालावली की विंधनविहीर अधिक खोल न्यावी लागते, आणि तो खर्च केळी न लावणाऱ्या शेजाऱ्यासही चुकत नाही. निर्यातीच्या भावात तो कोठेच धरलेला नसतो.

लंडनचे भूगोलज्ञ टोनी ॲलन यांनी मालाबरोबर परदेशी जाणाऱ्या अशा पाण्याची संकल्पना रूढ केली. आपल्याकडे तिला ‘आभासी पाणी’ म्हणतात. भाषेच्या अभ्यासकास हा पर्याय खटकावा. कारण हे पाणी भासमान नसून प्रत्यक्ष उपसलेले असते. ‘अंतर्भूत जल’ म्हणणे अधिक यथार्थ होईल.

कर्बवायूंचा हिशेबही असाच अपुरा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक करारान्वये उत्सर्जन जेथे घडते त्या देशाच्या नावे पडते. म्हणजे केळी दुबईत खाल्ली गेली, तरी उपशाच्या विजेसाठी जळालेला कोळसा भारताच्या खाती. आणि सागरी प्रवासात जहाजाने जाळलेले इंधन कोणत्याच राष्ट्राच्या बेरजेत नाही! युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खते इत्यादींच्या आयातीवर कर्बशुल्काची व्यवस्था पूर्णतः लागू केली आहे. शेतमालाचा तीत समावेश नाही, आणि पाण्याचा तर विचारच नाही.