गप्प राहण्याचा हक्क

१६३७ साली लंडनमध्ये जॉन लिलबर्न या विशीतल्या तरुणाला बेकायदा पुस्तकं हॉलंडहून आणल्याच्या आरोपावरून पकडलं. ‘स्टार चेंबर’ न्यायालयाची रीत अशी, की काय विचारणार हे न सांगताच खरं बोलण्याची शपथ घ्यायला लावायची. लिलबर्नने साफ नकार दिला. त्याला गाडीमागे बांधून फ्लीट तुरुंगापासून वेस्टमिन्स्टरपर्यंत फटके मारत नेलं. खोड्यात अडकवल्यावरही तो लोकांशी बोलतच राहिला, म्हणून तोंडात बोळा कोंबला. केवढी ही जिद्द! १६४१ मध्ये पार्लमेंटने ते न्यायालयच मोडीत काढलं. पुढे १७९१ च्या पाचव्या अमेरिकी घटनादुरुस्तीत स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीला मनाई झाली. १९६६ च्या मिरांडा खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या हक्काचा इतिहास सांगताना लिलबर्नचं नाव आवर्जून घेतलं.